सूर्याला एक हंगाम कमी

फानी पाटीचा मजकूर वाचून दाखवायला आली तेव्हा झुंबुलिया अंगणातल्या तुतीखाली बसून लसूण सोलत होती. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, डोक्याला काळा रुमाल आणि बोटांची टोकं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत. नवं ओळखपत्र काढायला गेली तेव्हा पोलिसाने तिचं बोट तीनदा शाईत बुडवलं, तीनदा कागदावर दाबलं आणि तिन्ही वेळा नुसता काळा ठिपका उठला. "बाई, तुम्हाला ठसेच नाहीत," तो म्हणाला. "होते," ती म्हणाली, "गिरणीत ठेवून आले."

ती गिरणी म्हणजे ग्रीसच्या ईशान्य टोकाला, सुफली गावात, एव्रोस नदीच्या बाजूची रेशीमगिरणी. १९८८ पासून बंद. आता मालकाचा मुलगा आर्गिरिस तिचं संग्रहालय करत होता. खाली कॉफीचं दुकान, वर कढया आणि धागा गुंडाळायचे फाळके, भिंतींवर पाट्या. पाट्यांचा मजकूर त्याने फानीवर सोपवला होता. फानी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. कोमोतिनीहून बदली होऊन आली होती, चार वर्षं झाली होती, म्हणजे गावातल्या कुठल्याच जुन्या भांडणात तिची बाजू ठरलेली नव्हती.

"ऐका हं मावशी. 'या गिरणीतल्या स्त्रियांनी उकललेला रेशमाचा धागा चंद्रापर्यंत सहज पोचला असता.'"

झुंबुलियाने सुरी खाली ठेवली. "चंद्र कुणी सांगितला तुला?"

"आर्गिरिसनी. लोकांना चंद्र आवडतो म्हणाले."

"लोकांना टरबूजही आवडतं. आम्ही सूर्यापर्यंत गेलो होतो. नदीकडच्या रांगेतल्या दहाजणी. पंच्याहत्तर साली पोचलो. विश्वास नसेल तर लेमोनियाला विचार."

लेमोनिया कुंपणापलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत होती. कान तिचे अजून शाबूत होते. "त्यात विचारायचं काय?" ती तिकडूनच ओरडली. "पोचलो त्या दिवशी भोपळा भरून भाजलेली पीता मीच केली होती. खाली जरा लागली होती."

फानी हसली. मग दोघींचे चेहरे पाहून हसू आवरलं.

त्या रांगेतल्या दहाजणींपैकी या दोघीच आता उरल्या होत्या. झुंबुलियाने लग्न केलं, दोन मुली वाढवल्या, नवऱ्याला पुरलं, कर्करोगाची एक शस्त्रक्रिया पार पाडली. पण गावात तिची ओळख एकाच गोष्टीवर होती. नदीकडच्या रांगेतली, सूर्यवाली. बाजारात तिला कुणी थट्टेने "काय झुंबुलिया, वर ऊन कसं आहे?" विचारायचं आणि ती "तुझ्या टकलाला सोसेल इतकंच" म्हणायची. बाकीच्या आठजणी स्मशानात सायप्रसखाली होत्या. त्यांच्या थडग्यांवर नवऱ्यांची आडनावं होती. गिरणीची भिंत ही एकच जागा उरली होती जिथे त्यांनी काय केलं ते लिहिता आलं असतं, आणि तिथे आता चंद्र लिहिला जाणार होता.

"सूर्य लिही," झुंबुलिया म्हणाली. "नाहीतर उद्घाटनाला मी येणार नाही."

ही धमकी पोकळ नव्हती. कोशाचं टोक शोधून धागा चढवून दाखवणारी गावात ती एकटीच उरली होती. लेमोनियाच्या बोटांत आता दाण्याएवढंही बळ नव्हतं. उद्घाटनाच्या पत्रिकेवर 'प्रत्यक्ष धागाकाढणी' असं आधीच छापून झालं होतं.

"पण तुम्ही मोजलं कसं?" फानीने विचारलं. "तेवढं सांगा. मी पुन्हा मोजते."

मोजणी एका टोमण्यातून सुरू झाली होती. १९५० साली, सोळाव्या वर्षी, झुंबुलिया गिरणीत लागली. काम असं की उकळत्या पाण्याच्या कढईत कोश सोडायचे, वर झाडणी फिरवायची की धाग्यांची टोकं सुटून झाडणीला लागतात. आठ कोशांची आठ टोकं एकत्र करून त्यांचा एक धागा फाळक्यावर चढवायचा. एक कोश संपला की त्याच्या जागी दुसरा, तोही पाण्यातून हातानेच. केसांना, कपड्यांना, नवऱ्याच्या उशीलासुद्धा उकडलेल्या किड्यांचा वास. नदीकडच्या खिडक्यांखाली अशा दहा कढया एका रांगेत होत्या. कुणी बाळंत झाली, कुणी जर्मनीला गेली, तर तिची बहीण किंवा नणंद येऊन बसायची. रांगेतली कढई कधी थंड पडली नाही.

गिरणीचा कारकून एक दिवस रांगेसमोर उभा राहून म्हणाला, "तुम्हा बायकांचं बरं आहे. सकाळी बसता त्या संध्याकाळी उठता. एक पाऊल चालायला नको."

"आमचे पाय नाही चालत, हात चालतात," सोळा वर्षांची झुंबुलिया म्हणाली. "कुठवर गेले ते मोजून सांगते तुला."

मोजण्याची अक्कल तिला प्राथमिक शाळेतल्या मास्तरने दिली होती. हा मास्तर दक्षिणेतून, थेट मोरियातून आलेला, पिकल्या मिशांचा आणि जुन्या वळणाचा होता. मुलांकडून तो घोकून घ्यायचा: हजार पीखी म्हणजे एक स्तादियो, आणि सूर्य इथून पंधरा कोटी स्तादिया. पीखी झुंबुलियाला माहीत होती. बाजारात कापड पीखीनेच मोजून मिळायचं आणि घरी आईची पितळी पट्टी होती, बरोबर एक पीखीची. स्तादियो तिने कधी पाहिलं नव्हतं, पण हजार पीखींचं म्हटल्यावर पाहायची गरजच काय?

तिने एका दुपारी एकच कोश सुटा फाळक्यावर चढवला. फाळक्याचा घेर आईच्या पट्टीने दीड पीखी भरला होता. लेमोनिया वेढे मोजत होती. हजाराच्या आसपास धागा केसाहून बारीक झाला आणि तुटला. म्हणजे एका कोशात दीड हजार पीखी. आठ टोकांचा एक धागा व्हायचा खरा, पण हातातून आठही जायची, म्हणून मोजायची तीही आठही. पुढचं सगळं पाढ्यांचं काम. दिवसाला एका बाईचे दोन हजार कोश, हंगामात दोनशे दिवस. रांगेतल्या दहाजणींचा एक हंगाम म्हणजे साठ लाख स्तादिया. सूर्याला पंचवीस हंगाम.

कारकुनाला तिने हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पंचवीस वर्षांनी मी कुठे, तू कुठे!" तो खरोखरच नव्हता. ती होती.

१९७५ साली हंगामाच्या शेवटच्या दिवशी भोंगा झाल्यावरही दहाजणी उठल्या नाहीत. लेमोनियाने पीता काढली, कुणीतरी नवऱ्याच्या चिपुरो दारूची बाटली आणली होती. मालक, म्हणजे आर्गिरिसचा बाप थोमास, आवाज ऐकून वर आला.

"शेठ, आम्ही सूर्याला टेकलो," झुंबुलियाने जाहीर केलं.

"हात भाजले असतील मग," थोमास म्हणाला. "पाण्यात घाला. सोमवारी नवा हंगाम आहे."

त्या रात्री नवरा, स्तेर्गिओस, अंगणात केरसुण्या बांधत बसला होता. तोही जाहीर करायला मागे राहिला नाही. "बायकोचा धागा सूर्यापर्यंत गेला आणि माझ्या पाटलोणीला बटण नाही." त्याने हे लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक पाहुण्यासमोर, मरेपर्यंत सांगितलं.

त्यानंतर त्यांनी मोजलं नाही. पोचल्यावर कोण मोजतं? रांगेत म्हणायची पद्धत पडली की आता आपण परतीच्या वाटेवर आहोत.

फानीने हे सगळं ऐकून घेतलं. मग तिने एकच विचारलं, "मावशी, ती पट्टी अजून आहे?"

पट्टी स्वयंपाकघरात ओव्याच्या जुड्या टांगायच्या खिळ्याजवळ होती. फानीने पर्समधून शिवणाची मीटरची फीत काढली, मेजावर पसरली आणि पट्टी तिच्या शेजारी ठेवली. पट्टी फितीवर जिथे संपली तिथे चौसष्ट लिहिलेलं होतं.

"चौसष्ट सेंटिमीटर," फानी म्हणाली.

"मग?"

"मावशी, तुमचा मास्तर मोरियाचा ना? तिकडे खूप आधी, राजाच्या काळात, कायद्याने मीटरलाच पीखी म्हणायचे. राजाची पीखी. आणि किलोमीटरला राजाचं स्तादियो. तेव्हा हा मुलूख तुर्कांकडे होता. इथल्या बाजाराची पीखी वेगळी, लहान. मास्तर मीटरबद्दल बोलत होता आणि तुम्ही या पट्टीबद्दल."

लेमोनिया दाण्यांची परात घेऊन दारात येऊन उभी होती.

"दोन्ही पीखीच," झुंबुलिया म्हणाली.

"हो. पण तुमचा कोश दीड हजार मीटरचा नव्हता. नऊशे साठ मीटरचा होता. पंच्याहत्तर साली तुम्ही..." फानीने फोनवर आकडे दाबले. "शहाण्णव गिगामीटरवर होतात."

"हे काय, सांधेदुखीचं औषध?"

"एक गिगामीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. फार मोठ्या अंतरांना बरं पडतं. सूर्य सरासरी एकशे एकोणपन्नास पूर्णांक सहा गिगामीटरवर आहे."

"म्हणजे आम्ही पोचलो नव्हतो."

"नाही मावशी. एक तृतीयांशाहून जास्त राहिलं होतं."

"म्हणजे पीता फुकट गेली," लेमोनिया म्हणाली.

झुंबुलियाने पट्टी उचलली, हातात तोलली. फानीला वाटलं ती आता रडेल किंवा फेकून मारेल. तिने पट्टी पुन्हा खिळ्याला अडकवली आणि चुलीवर कॉफीचं भांडं चढवलं. कॉफी ओतली, फानीपुढे ठेवली, स्वतः समोर बसली.

"पंच्याहत्तर साली आम्ही घरी गेलो नाही," ती म्हणाली. "सोमवारी परत आलो. पुढचंही मोज."

"पुढचं?"

"अठ्ठ्याऐंशीपर्यंत कढया चालू होत्या. मोज."

लेमोनियाच्या डोक्यात आता प्रकाश पडला. "थांब गं. म्हणजे इतकी वर्षं मला वाटत होतं आपण परत फिरलोय, आणि आपण अजून जातच होतो?"

"जातच होतो."

"मेले माझे पाय, तरीच!"

फानी मोजत होती. आकडे साधेच होते, पण तिने ते दोनदा केले. एका बाईचा एक हंगाम तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर भरत होता. इथे तिला थांबून हसू आलं, कारण चंद्र जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. आर्गिरिसचा चंद्र या बायकांपैकी प्रत्येकीने एकटीने, दरवर्षी गाठला होता. दहाजणींचे अडतीस हंगाम म्हणजे एकशे पंचेचाळीस पूर्णांक नऊ गिगामीटर.

"पीखीत सांग," झुंबुलिया म्हणाली. "आमच्या पीखीत. ते औषध नको."

"बावीस हजार आठशे कोटी पीखी. आणि सूर्य तेवीस हजार तीनशे पंच्याहत्तर कोटींवर."

"कमी किती?"

"पाचशे पंच्याहत्तर कोटी."

"हंगामात सांग."

फानीने भागाकार केला. मग मान वर केली. "एक. एक हंगाम पुरला असता. शेवटचा आठवडाभर तुम्हाला सुटीसुद्धा मिळाली असती."

फानीला वाटलं होतं, इतक्या जवळ आल्याचं ऐकून दोघी खूश होतील. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि तो खुशीचा चेहरा नव्हता.

"माळा," लेमोनिया म्हणाली.

"माळा," झुंबुलिया म्हणाली.

मग फानीला सांगण्यात आलं. १९८८ च्या जूनमध्ये नेहमीप्रमाणे शेतकऱ्यांकडून कोश आले, वाफेवर शेकले, वाळले आणि गिरणीच्या माळ्यावर भरून ठेवले गेले. दहाजणींनी स्वतः टोपल्या वर चढवल्या. संपूर्ण हंगामाचे कोश. थोमासशेठने तोंडाने सांगितलं होतं, यंदाचा हंगाम होईल, पुढचं पुढे बघू. ठरलेल्या सोमवारी बायका आल्या तर फाटकाला साखळी आणि कुलूप. रांग तिथेच रस्त्यावर उभी राहिली, दुपारपर्यंत. शेठ आला नाही. आठवड्याने मालमोटारी आल्या आणि माळ्यावरचे कोश परदेशातल्या व्यापाऱ्याकडे गेले. ते कुठल्या गावात, कुणाच्या हातांनी उकलले, कुणाला कळलं नाही.

"सूर्य आमच्या डोक्यावरच्या माळ्यावर होता," झुंबुलिया म्हणाली. "टोपल्यांत भरलेला."

आर्गिरिस दुसऱ्या दिवशी फानीला घेऊन स्वतः आला. पन्नाशीचा, गुळगुळीत दाढी केलेला, हातात बकलाव्याचा डबा. फानीने त्याला हिशेब सांगितला होता आणि त्याला तो फार आवडला होता.

"मावशी, तुमचंच खरं," तो बसता बसता म्हणाला. "चंद्र काय, कुणीही लिहितं. सूर्य लिहू. 'या रांगेतल्या दहा स्त्रियांनी काढलेला धागा सुमारे सूर्यापर्यंत पोचतो.' खाली दहाही नावं. पितळी अक्षरांत. झालं समाधान?"

झुंबुलियाने बकलाव्याकडे पाहिलं नाही. "सुमारे?"

"अहो, शंभराला दोन-तीनचाच तर फरक. फानीबाईच म्हणाल्या, कोश लहानमोठे असतात, दिवसाचे दोन हजार हाही अंदाजच. जगात कुणी खोटं ठरवू शकणार नाही."

हे खरं होतं. फानी तसं म्हणाली होती, आणि आता ती खाली मान घालून बसली होती.

आदल्या दिवसापर्यंत झुंबुलियाला हवं होतं ते नेमकं हेच होतं. सूर्य, भिंतीवर, दहा नावांसकट. ते आता मेजावर ठेवलेलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं.

"नको," ती म्हणाली.

"नको?"

"आम्ही पोचलो नाही. एक हंगाम कमी पडला. तसं लिही. कोश माळ्यावर होते आणि फाटकाला कुलूप होतं, तेही लिही."

आर्गिरिसचा चेहरा बदलला. "मावशी, माझ्या बापाचा फोटो आहे त्याच भिंतीवर."

"असू दे की. फोटो काढ म्हटलं का मी?"

"त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. सगळ्या गिरण्या बंद पडत होत्या."

"नसेल मार्ग. मग तसंही लिही, 'मार्ग नव्हता'. मी काय त्याला चोर म्हटलं? पण तुझा 'सुमारे' आहे ना, तो अख्खा हंगाम गिळतो. दहा बायकांचं एक वर्ष. तुझ्या बापाने कुलूप लावून गिळलं, तू शब्द लावून गिळतोस."

"तुम्हाला सूर्य दिला तरी तुमचं भागत नाही!"

"तुझा होता का द्यायला?"

आर्गिरिस उठला. बकलाव्याचा डबा मेजावरच राहिला. दारात वळून म्हणाला, "पाटी छापायला जातेय. 'सुमारे'च. उद्घाटनाला यायचं तर या."

तो गेल्यावर लेमोनियाने डबा उघडला. "तू नको म्हणालीस," ती एक तुकडा उचलत म्हणाली, "मी काही म्हटलं नव्हतं."

"तुझं मत काय ते तरी सांग."

लेमोनियाने सावकाश चावून खाल्लं. "माझ्या कढईला लागून वास्सोची कढई होती. कुलपाच्या दिवशी ती नवा एप्रन घालून आली होती, हंगामाचा म्हणून. तशीच परत गेली. 'सुमारे'त तो एप्रन कुठे बसवणार?"

सगळ्यांना वाटलं झुंबुलिया उद्घाटनाला जाणार नाही. ती गेली. काळा रुमाल, काळा पोशाख, वर गिरणीतला जुना निळा एप्रन. सप्टेंबरचा रविवार होता. बाहेर बँड, आत जिल्ह्याचे पाहुणे, सुटाबुटातला आर्गिरिस. भिंतीवरची पाटी पिवळ्या रेशमी कापडाने झाकलेली. नदीकडच्या रांगेतल्या चौथ्या कढईखाली गॅसची शेगडी पेटवून ठेवलेली. ती तिची स्वतःची कढई नव्हती, तिची सातवी होती. तिने शेगडी सातवीखाली हलवायला लावली. पाहुणे थांबले.

पाणी उकळल्यावर तिने कोश सोडले. झाडणी फिरवली. टोकं येत गेली. उकळत्या पाण्यातून तिला ती उघड्या हातांनी उचलताना पाहून पुढच्या ओळीतल्या बाईने "अगं आई गं" केलं. आठ कोश पाण्यात नाचायला लागले, त्यांचा एक धागा दिव्याच्या उजेडात चमकत फाळक्यावर चढला, फाळका फिरायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्गिरिसने हात जोडून सगळ्यांकडे पाहिलं. पाटीवरचं कापड ओढण्यात आलं. 'सुमारे सूर्यापर्यंत'. पुन्हा टाळ्या.

कोश अर्ध्यावर आले होते. इतके पातळ झाले होते की आतले काळे किडे दिसायला लागले होते. झुंबुलियाने फाळक्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताने धागा तोडला.

फाळका थांबला. आठ कोश पाण्यात जागच्या जागी डुलत राहिले. टाळ्यांना आधी कळलं नाही, मग त्याही थांबल्या.

"काय झालं मावशी?" आर्गिरिसने विचारलं. आवाज गोड होता, डोळे नव्हते.

"काही नाही. गिरणी बंद झाली."

कुणीतरी हसलं. विनोद असावा असं वाटलं. जिल्ह्याच्या पाहुण्यांपैकी एक जण पुढे झाला. "पण बाई, कोश तर अजून शिल्लक आहेत."

"तेव्हाही होते," झुंबुलिया म्हणाली. "माळाभर. त्या पाटीवर 'सुमारे' लिहिलंय ना, त्याचा अर्थ विचारलात तर सांगते."

त्याने विचारलं. तिने सांगितलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. सोमवार, साखळी, मालमोटारी, एक हंगाम. आपली पीखीची चूकही सांगितली. पंच्याहत्तर साली आम्ही उगाच पीता खाल्ली, म्हणाली. मागून लेमोनिया ओरडली, "उगाच नाही, मी केली होती!" आणि मग लोक खरंच हसले. दिवाणखान्यात हसतात तसं नाही, बाजारात हसतात तसं.

त्यानंतर दर शनिवारी ती संग्रहालयात जायची. आर्गिरिसने तिला एकदाही येऊ नका म्हटलं नाही. म्हणण्यासारखी स्थिती नव्हती, लोक तिला बघायलाच येत होते. बसगाड्या भरून शाळा येत. दर वेळी टोकं शोधायची, धागा चढवायचा, फाळका फिरू द्यायचा आणि अर्ध्यावर हात ठेवून तोडायचा. दर वेळी कुणीतरी विचारायचंच. मुलं सगळ्यात आधी विचारायची. अर्धे राहिलेले कोश ती फेकू द्यायची नाही. चाळणीवर वाळवून आठव्या कढईत, वास्सोच्या, टाकून ठेवायची. हिवाळ्यापर्यंत कढई निम्मी भरली.

वसंतात आर्गिरिसने पाटी बदलली. फानीला म्हणाला, दर शनिवारी तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा एकदाच छापलेलं बरं, निदान छापलेल्यात बापाचं नाव सभ्यपणे घेता येतं. नवा मजकूर फानीने लिहिला आणि झुंबुलियाने दोनदा वाचून घेतला. नदीकडच्या रांगेतल्या दहा कढयांवर अडतीस हंगामांत बावीस हजार आठशे कोटी पीखी धागा निघाला, म्हणजे एकशे सेहेचाळीस गिगामीटर. सूर्य एक हंगाम दूर राहिला. त्या हंगामाचे कोश माळ्यावर होते. गिरणी बंद करण्यात आली. खाली दहा नावं, नवऱ्यांच्या आडनावांशिवाय.

"बंद करण्यात आली," झुंबुलियाने ते तीन शब्द तोंडात घोळवले. "कुणी केली ते नाही लिहिलं."

"शेजारीच त्यांचा फोटो आहे मावशी," फानी म्हणाली.

झुंबुलियाने फोटोकडे पाहिलं. थोमासशेठ, तिरपी टोपी, कोटाच्या खिशात रेशमी रुमाल. तो रुमालही याच रांगेतून निघालेल्या धाग्याचा. "चालेल," ती म्हणाली.

त्या शनिवारी आर्गिरिस मुद्दाम वर येऊन उभा राहिला. पाटी बदलली होती, हवं ते मिळालं होतं, आता म्हातारी कोश शेवटपर्यंत उकलेल असं त्याला वाटत होतं. कोश अर्धे झाले. तिने फाळक्यावर हात ठेवला आणि धागा तोडला.

"मावशी! आता काय?"

"आता काय म्हणजे? पाटीवर काय लिहिलंय वाचलं नाहीस?" तिने अर्धे कोश झाऱ्याने काढून चाळणीवर पसरले. "कमी पडलं म्हणून लिहिलंय. मी आता पूर्ण केलं तर पाटी खोटी ठरेल."

तिने ओले हात एप्रनला पुसले, शेगडी बंद केली आणि पुढच्या बसमधून उतरलेल्या मुलांना म्हणाली, "या रे, पाणी गरम आहे अजून. हात मागे ठेवा."